श्रीलंकेचं दिवाळं आणि घरखर्च: वाचकांचे प्रश्न

श्रीलंकेतली महागाई 70 टक्क्यांवरून दीड टक्क्याच्याही खाली आली म्हणे. मग तिथले लोक अजून का कुरकुरतात? (किराणा दुकानदार, सांगली)

कारण महागाईचा दर उतरला, भाव नाही उतरले. कोलंबोत सप्टेंबर 2021 मध्ये जो बाजार 100 श्रीलंकन रुपयांत व्हायचा (इथले सगळे आकडे त्याच रुपयांत), त्याला वर्षभरात जवळजवळ 170 रुपये पडू लागले (दर 69.8 टक्के). सप्टेंबर 2023 मध्ये दर 1.3 टक्के झाला, म्हणजे तोच बाजार 172 वर गेला. पगार त्या मानाने वाढले नाहीत. मधली तूट घरोघरी ताटातून भरून काढली गेली.

कर्ज बुडवलं सरकारने, मग पेट्रोलसाठी रांगा का लागल्या?

तेल डॉलरमध्ये घ्यावं लागतं आणि डॉलर संपले होते. 12 एप्रिल 2022 ला परकीय कर्जाची परतफेड थांबवली, तोवर कुणी उधारीवर तेल देईना. दोनशेच्या आसपासचा डॉलर साडेतीनशेपार गेला. पुढे क्यूआर कोडवर रेशनिंग आलं: आठवड्याला मोटारसायकलला 4 लिटर, रिक्षाला 5. रिक्षा लिटरला 25 किलोमीटर जाते असं धरलं, तरी आठवड्याचा धंदा सव्वाशे किलोमीटरमध्ये आटोपला.

काटकसर सरकारने करायची; त्यात गरिबाचं काय जातं? (विद्यार्थिनी, लातूर)

विजेचं बिलच बघा. महिन्याला 30 युनिट, म्हणजे दोन-तीन दिवे, एक पंखा आणि टीव्ही असलेलं घर. जुना दर युनिटला अडीच रुपये, स्थिर आकार 30: बिल 105. ऑगस्ट 2022 मध्ये दर 8 आणि स्थिर आकार 120: बिल 360. फेब्रुवारी 2023 मध्ये 30 आणि 400: बिल 1300. साधारण सहा महिन्यांत दोन दरवाढी आणि बिल बारापट! सरासरी वाढ मात्र 75 आणि मग 66 टक्के अशी जाहीर झाली. सरासरीत गरिबाचं बिल दिसत नाही, कारण अनुदान काढलं की ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला चटका सर्वांत मोठा. स्थिर आकार तर दिवा न लावताही भरावा लागतो. जुलै 2023 मध्ये हा दर खाली आणला, पण थकबाकीपोटी तोवर अनेकांची वीज तोडली गेली होती.

त्यात व्हॅट 8 टक्क्यांवरून 12, मग 15 आणि जानेवारी 2024 पासून 18. थेट मदतीची 'अस्वेसुमा' योजना सुरू झाली जुलै 2023 मध्ये. दरवाढ आधी आणि आधार नंतर, हा क्रमच मला चुकीचा वाटतो. मदतीची यादी तयार नसताना अनुदान काढू नये.

लोकांच्या ठेवी आणि पीएफ बुडाले का?

ठेवींना हात लावला नाही. 8 एप्रिल 2022 ला तिथल्या मध्यवर्ती बँकेने आपला व्याजदर एकदम 7 टक्के-अंकांनी वाढवला. पुढे मुदत ठेवीवर वीस टक्क्यांहून जास्त व्याज मिळालं, म्हणजे शिल्लक असलेल्याला थोडा आधार झाला. कर्जदार मात्र पिळला गेला.

पीएफचं वेगळं. 2023 मध्ये सरकारने निधीकडचे जुने सरकारी रोखे (सरकारने घेतलेल्या कर्जाचे कागद) घेऊन नवे दिले: व्याज 2025 पर्यंत 12 टक्के, नंतर 9. नकार दिला असता, तर निधीच्या रोख्यांवरच्या उत्पन्नाला 14 ऐवजी 30 टक्के कर लागला असता. बँकांकडचे रोखे यातून वगळले. बँका कोसळू नयेत, हे कारण खरं आहे. पण देशांतर्गत कर्जफेडीचा भार प्रामुख्याने खासगी नोकरदारांच्या म्हातारपणाच्या पुंजीवर टाकला गेला, आणि त्यांना मनात आलं म्हणून खात्यातून सगळे पैसे काढून घेण्याची सोयही नव्हती.