बेळगावच्या लष्करी छावणीत भूऔष्णिक ऊर्जा व्यवहार्य ठरेल का?

कोकणात राजापूर, तुरळ येथे गरम पाण्याचे झरे असताना घाटमाथ्यावरील बेळगावच्या छावणीला जमिनीतील उष्णतेवर वीज का मिळू नये, असा आपला प्रश्न आहे. मी याच भागात भूजल सर्वेक्षण करतो. माझ्या मते वीज मिळणार नाही. गरम पाणी आणि वातानुकूलन यांपुरता विचार मात्र अवश्य करावा.

कोकणातील झरे सह्याद्रीच्या पश्चिमेकडील खोल भेगांवर आहेत. पावसाचे पाणी त्यांतून खाली जाऊन तापते आणि वर येते. बेळगावखाली काळा पाषाण, काही ठिकाणी कलादगीचे वालुकाश्म आणि तळाशी धारवाडचा अतिप्राचीन खडक आहे, आणि हा प्राचीन खडक उष्णतेच्या दृष्टीने थंडच आहे. जमिनीजवळचे सुमारे 25 अंश तापमान धरून पुढे दर किलोमीटरला 15 अंश वाढ धरली, तर वीजनिर्मितीसाठी उपयुक्त असे 100 अंश तापमान गाठण्यास सुमारे 5 किलोमीटर खोल जावे लागेल. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक तळावर कोसो येथे 1987 पासून अशी वीज निघते, कारण तेथील भूगर्भ ज्वालामुखीच्या उष्णतेने तापलेला आहे. आपल्याकडे तशी आशा लडाखमधील पुगा येथे आहे. तेथील प्रकल्पासाठी ओएनजीसीने 2021 मध्ये करार केला. ज्या प्रदेशात डिझेल खिंडी ओलांडून न्यावे लागते, तेथे या उष्णतेचे मोल फार मोठे आहे.

बेळगावसाठी विचारात घेण्याजोगा आहे तो उष्मापंप, म्हणजे शंभरेक मीटरच्या बोअरमधील बंद पाइपांतून पाणी फिरवून जमिनीशी उष्णतेची देवघेव करणारी यंत्रणा. अमेरिकेतील फोर्ट पोक येथे 1990 च्या दशकात सुमारे 4,000 लष्करी घरांना ती बसवल्यावर विजेचा वापर जवळजवळ एक तृतीयांशाने घटला. पण तेथील उन्हाळा आपल्यापेक्षा कडक, आणि हिवाळ्यात घरे तापवावीही लागतात. बेळगावच्या सौम्य हवेत बराकींसाठी हा खर्च वसूल होणे कठीण आहे. वर्षभर गरम पाणी आणि थंडावा दोन्ही लागणारे लष्करी रुग्णालय हेच मला योग्य स्थळ वाटते, कारण केवळ थंडाव्यासाठी वापर केल्यास उष्णता बोअरभोवती साठत जाते.

म्हणून आधी अशा इमारतीच्या वर्षभराच्या वापराची दरमहा नोंद काढावी, मग एकच चाचणी बोअर घेऊन दोन-तीन दिवस ठराविक उष्णता देत पाण्याचे तापमान मोजावे. उष्मापंपालाही वीज लागते, त्यामुळे वीज खंडित झाल्यावर उपयोगी पडणाऱ्या जनरेटरचा खर्च अहवालात वेगळाच धरावा लागेल.