२६०३ साल छापलेलं नाणं : हे भविष्यातलं आहे की बनावट?

भविष्यातलं नक्कीच नाही. २६०३ हे जपानी शाही कालगणनेतलं साल, ती इसवीसनपूर्व ६६० पासून मोजतात. म्हणजे आपलं १९४३.

मार्च १९४२ मध्ये डचांनी त्यांच्या ताब्यातल्या जावा बेटावर (आजचं इंडोनेशिया) जपानपुढे शरणागती पत्करली. कारभार सुरुवातीला जपानने छापलेल्या गुल्डनच्या (डच चलनाच्या) नोटांवर चालला. मग या व्यापलेल्या मुलखासाठी १ आणि ५ सेनची अॅल्युमिनियमची, १० सेनची कथिलाची नाणी पाडली गेली. तांबं-निकेल युद्धाला हवं होतं. कथिल मात्र बांका आणि बेलितुंग बेटांवर मुबलक. १० सेनवर वायांगची, म्हणजे तिथल्या पारंपरिक बाहुलीनाट्याची, बाहुली आहे, पिंगुळीच्या चामडी बाहुल्यांची आठवण यावी अशी. स्थानिकांना आपलंसं वाटावं म्हणून चित्र त्यांचं आणि अक्षरं जपानी! मला तरी हा निव्वळ प्रचार वाटतो.

बहुतेक माल समुद्रात बुडाला किंवा वितळवला गेला, असं कॅटलॉग सांगतात. चलनात न आल्यामुळे काही जण यांना नमुना नाणी म्हणूनच धरतात. नकलाही भरपूर आहेत. चुंबकाला चिकटलं तर सरळ परत करा, कारण कथिल आणि अॅल्युमिनियम दोन्ही चिकटत नाहीत.