मेगावॅट नको, पाणी सांग

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. धरणाच्या सभेत गावातल्या आजीने विचारलं, "धरण झाल्यावर तरी दिवसा मोटार चालंल का गं?" आणि तू तिला मेगावॅट सांगितलेस. आजी गप्प बसली, तू रात्रभर जागलीस, आणि आता मला विचारतेस, नोकरी सोडू का. नोकरीचं नंतर बघू. मेगावॅट कशाला सांगितलेस?

मेगावॅट म्हणजे वीज बनवणाऱ्या संचाची ताकद. तो किती तास फिरेल ते पाणी ठरवतं. आपली कोयनाच घे. चारही टप्पे आणि पायथ्याचं वीजगृह मिळून 1960 मेगावॅट, हे शाळेतली पोरंही घडाघडा म्हणतात. धरणात मावतं 105 टीएमसी, म्हणजे तेवढे अब्ज घनफूट पाणी. त्यातून वीज करून पश्चिमेला सोडायला कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या कृष्णा लवादाने दिलंय वर्षाला 67.5 टीएमसी. तेवढ्यावर पोफळीचं वीजगृह, तेवढ्यावरच चौथा टप्पा, आणि खाली कोळकेवाडीत अडवून तेच पाणी पुन्हा राबवणारं अलोऱ्याचं वीजगृह. सगळे संच रात्रंदिवस पूर्ण भाराने फिरवले, तर वर्षाचा कोटा दोनेक महिन्यांत वाशिष्ठीला मिळेल. पुढे काय, मेगावॅटचा फलक वाचत बसायचं? म्हणून कोयना राखून वापरतात, मुख्यतः मागणी चढते त्या वेळेला. कोळशाचा थंड संच तापायला कित्येक तास घेतो, आपला काही मिनिटांत भार उचलतो. कोयनेचं मोल त्यात आहे, आणि ते फार मोठं आहे. आजीच्या दुपारच्या मोटारीचा त्यात हिशेबच नाही.

मेगावॅट नको, पाणी सांग.

मी चिडतोय, कारण हे मी स्वतः केलंय. चौथ्या टप्प्याच्या कामावर होतो. 13 मार्च 1999 ला कोयनेच्या जलाशयाच्या, शिवसागराच्या तळाशी उरलेला खडक सुरुंगाने उडवला आणि भरल्या जलाशयाचं पाणी बोगद्यात घेतलं. त्या आठवड्यात आमचे पाय जमिनीवर नव्हते. चहाच्या टपरीवर मी छाती काढून म्हणालो, "हजार मेगावॅट येतायत. भारनियमन गेलं समजा." टपरीवाल्याने ते मनावर घेतलं, कर्ज काढलं, पिठाची गिरणी टाकली. पाच-सहा वर्षांत राज्यभर भारनियमन असं बोकाळलं, की गिरणी चालण्यापेक्षा बंदच जास्त. तू तेव्हा शाळेत असशील.

आता, मी खोटं बोललो नव्हतो. 250 चे चार संच, खरोखर हजार मेगावॅट आले. मागणी वाढत गेली, तेवढी नवी वीज उभी राहिली नाही, हा काही माझा दोष नव्हता. चौथा टप्पा नसता तर त्या वर्षांतल्या संध्याकाळी आणखी अंधारात गेल्या असत्या, हे मी कुणालाही कागदावर मांडून दाखवीन. बऱ्याच जणांना दाखवलंही. टपरीवाल्याला नाही दाखवलं. गिरणीच्या जागी आता सिमेंटचं गोडाऊन आहे. पाटणकडे जाताना मी त्या बाजूला बघत नाही.

शिवाय तू कुठे उभी आहेस ते बघ. कोयनेत ज्यांची गावं गेली त्यांची नातवंडं अजून जमिनीसाठी आंदोलनाला बसतात. या मुलखात आपला शब्द आधीच स्वस्त झालाय. त्यावर आणखी आकड्यांची भर नको.

धरण नको असं मी म्हणत नाही हं. धरण व्हायला हवं. पण तुझ्या धरणाचं पाणी काढ. येवा, म्हणजे नदीतून येणारं पाणी किती, उन्हाने उडेल किती, खालच्या शेतीला किती, आणि उरलेल्यात संच किती तास. सरासरी वर्ष धरू नकोस, दुष्काळाचं वर्ष धर. दुपारी मोटार चालणार नसेल, तर चालणार नाही म्हण. तुला वाटतं तिला कळणार नाही? मोटार पाचची बसवा नाहीतर दहाची, विहिरीत असेल तेवढंच पाणी वर येतं, हे ती जन्मभर बघत आलीय. तुला कॉलेजात चार वर्षं लागली.

साहेब विचारतील, सभेत असं कशाला बोललीस. माझं नाव सांग. निवृत्त माणसाचं कोण काय करतंय?

मला उत्तर लिहीत बसू नकोस. वही घे आणि आजीकडे जा. वळीव लागायच्या आत जा, नंतर तिकडचा रस्ता वाहून जातो.

तुझा,
काका