क्युबन सिगारचा तुटवडा: खरा किती, ठरवून केलेला किती

तुमचे प्रश्न असे आहेत: मोंतेक्रिस्तो नंबर 4 या क्युबन सिगारची पंचवीसची पेटी वर्षभर शोधूनही का मिळत नाही, 2021 च्या मानाने भाव एवढे का चढले, आणि हा तुटवडा खरा आहे की कंपनीने मुद्दाम केलेला. डिसेंबरात सासऱ्यांच्या एकसष्टीला पेटी न्यायची आहे, म्हणून हवानाला जाऊन स्वस्तात आणावी का, हेही विचारलंय.

मी मूळचा निपाणीकडचा. घरात दोन पिढ्या विडीची तंबाखू होती. गेली बारा वर्षं माद्रिदला आहे आणि क्युबाला दोनदा जाऊन आलोय, 2019 च्या फेब्रुवारीत आणि 2024 च्या जानेवारीत. जे शेतात आणि दुकानात पाहिलं त्यावरून सांगतो. तुटवडा खरा आहे. भाव ठरवून वाढवलेत. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी घडल्या, त्यामुळे एकीचं कारण म्हणून लोक दुसरी पुढे करतात.

आधी तुटवड्याचं. 27 सप्टेंबर 2022 च्या पहाटे इयान नावाचं चक्रीवादळ पिनार देल रिओ प्रांतात घुसलं. क्युबातली सर्वांत नामांकित तंबाखू याच प्रांतात, व्हुएल्ता आबाहो नावाच्या पट्ट्यात होते. त्यातही सान लुईस आणि सान हुआन इ मार्तीनेस ही दोन गावं म्हणजे गाभा. वादळाने प्रांतातल्या तंबाखू वाळवण्याच्या सुमारे बारा हजार खोपींपैकी जवळजवळ 90 टक्के आडव्या केल्या. बातम्यांत ‘पीक गेलं’ असं आलं होतं, पण सप्टेंबरात तिथे शेतात पीक नसतंच. लागण ऑक्टोबरपासून पुढे होते आणि तोडणी जानेवारी ते मार्च-एप्रिलपर्यंत चालते. गेली ती खोप. खोप नसेल तर शेतात पान कितीही उत्तम आलं तरी ते नेऊन टांगायचं कुठे?

आपल्याकडे विडीची तंबाखू रानातच उन्हात वाळते, त्यामुळे खोपीचं एवढं काय असं मलाही 2019 च्या आधी वाटायचं. मग सान लुईसला एका शेतकऱ्याच्या खोपीत उभा राहिलो. लाकडी भिंती, वर ताडाच्या झावळ्यांचं शाकारलेलं छप्पर, आत बऱ्यापैकी अंधार. पानं दोन-दोन करून देठाशी दोऱ्याने शिवलेली आणि लांब काठ्यांवर टांगलेली. खालच्या काठ्यांवर हिरवी, मधे पिवळी पडत चाललेली आणि अगदी वर आढ्यापाशी तपकिरी. पानं जसजशी वाळतील तसतशी काठी वरच्या खणात सरकवतात. इमारत पूर्व-पश्चिम बांधलेली असते, म्हणजे सकाळी एका टोकाला ऊन लागतं आणि दुपारनंतर दुसऱ्या. मधली बाजू थंड राहते. म्हातारा दिवसातून किती वेळा उठून दारं उघडत-मिटत होता ते मी मोजायचं सोडून दिलं. हवा कोरडी झाली की दार लोटायचं, दमट झाली की उघडायचं. असे पन्नासेक दिवस. पान घाईने वाळलं तर हिरवा डाग तसाच राहतो, आणि दमट राहिलं तर बुरशी.

2024 ला पुन्हा त्याच शेतावर गेलो. तीन खोपींपैकी एकच उभी होती, तीही जुन्या दोन्हींच्या वाशांतून जोडलेली. खिळे मिळत नव्हते म्हणून जुने वाकडे खिळे त्याचा नातू दगडावर ठोकून सरळ करत बसला होता. जागाच तेवढी, म्हणून लागणही त्याने निम्म्यावर आणली होती. खत वेळेवर येत नाही आणि पंपाला डिझेल नसतं हे त्याने वेगळं सांगितलं. बहुतेक पीक सरकारलाच ठरल्या भावाने द्यायचं असतं, त्यामुळे बाजार चढला म्हणून त्याच्या हातात तेवढे पैसे येतात असं नाही.

आता यात पानांचा हिशेब समजून घ्या, कारण दुकानातली रिकामी फळी त्यातूनच आलीये. सिगारमध्ये तीन थर असतात. आतलं सारण, त्याला बांधून धरणारं पान आणि सगळ्यांत वरचं आवरणाचं पान. सारणात चार जागची पानं एकत्र करता येतात. एखादं फाटलं, डागाळलं तरी निभावतं. वरच्या पानाला ती मुभा नाही. ते एकसंध, लवचीक आणि एका रंगाचं हवं, शिरा जाड नकोत. म्हणून त्याची लागण वेगळी होते. उंच खांबांवर पांढरं विरळ कापड ताणून संपूर्ण रान झाकतात. याला ‘तापादो’ म्हणतात. झाडावर सोळा-अठरा पानं येतात आणि ती खालून वर, एका वेळी दोन-तीनच खुडतात. इतकं करूनही निवडणीत बरंचसं आवरणाच्या लायकीचं ठरत नाही. इयानने सगळ्यांत जास्त मारलं ते याला. सारण गोळा करता येतं, आवरण कुठून आणणार? एका सिगारला एक आवरण लागतंच.

शिवाय वाळलं की पान लगेच वळायला जात नाही. थप्प्या लावून आंबवतात, मग मुरवत ठेवतात. झाडाच्या खालच्या भागातली हलकी पानं वर्षभरात तयार होतात, पण वरच्या, उन्हातल्या जोरकस पानांना (‘लिहेरो’) दोन वर्षं लागतात. कोहिबा बेहिके या महागड्या सिगारमध्ये जे शेंड्याचं ‘मेदिओ तिएंपो’ घालतात, त्याला तीन. म्हणजे 2023 च्या हंगामात जे पान टांगता आलं नाही, त्याची उणीव कारखान्यात 2024 आणि 2025 ला जाणवली. वादळानंतर दुकानं काही महिने बऱ्यापैकी भरलेली दिसत होती, म्हणून पुष्कळांना वाटलं संकट टळलं. ती जुनी मुरलेली पानं होती.

असा फटका पहिलाच नाही. 1979-80 ला निळ्या बुरशीने बहुतेक सगळं पीक खाल्लं होतं आणि त्यातून सावरायला वर्षं गेली. फरक असा की तेव्हा हात होते. आता माणसंच निघून चाललीयेत. 2021 पासून लाखो लोकांनी देश सोडला. सरकारी आकड्यांनुसारच लोकसंख्या 1 कोटी 10 लाखांवरून 2024 अखेर 97 लाखांच्या आसपास आलीये. जाणारे बहुतेक तरुण आहेत. सिगार वळणाऱ्याला तिथे ‘तोर्सेदोर’ म्हणतात. शिकायला नऊएक महिने लागतात, पण मोठे आणि निमुळते आकार हाताखाली यायला कित्येक वर्षं जातात. हवानात एका कारखान्यात मी एका बाईंच्या पाटासमोर बराच वेळ उभा होतो. हातात ‘चावेता’, म्हणजे मूठ नसलेलं अर्धचंद्राकार पातं. त्याने पान कापलं, सारणाची पानं एकेक करून पंख्यासारखी घडी घालत मुठीत घेतली, मधे धुराला वाट राहील अशी. तिथे ती वाट चुकली की सिगार कोंदतो, कितीही ओढा, धूर येत नाही. मग आवरण तिरपं गुंडाळलं आणि टोकाला टोपी बसवली, नुसत्या वनस्पतीच्या डिंकाच्या बोटभर लेपाने. आकार साधा असेल तर अशी व्यक्ती दिवसाला शंभरेक वळते. आपल्याकडे दिवसाला हजार विड्या वळणाऱ्या बायकांचे हात मी लहानपणापासून पाहिलेत, आणि ते कसब जाणतो म्हणूनच सांगतो, अशी बाई गेली तर जागा नऊ महिन्यांत भरत नाही. तुम्ही 2023 नंतरच्या पेट्यांत कोंदलेले सिगार जास्त निघतात म्हणालात. माझाही अनुभव तोच. मला त्याचं कारण इथे दिसतं.

आणि वीज. 18 ऑक्टोबर 2024 ला आन्तोनिओ गितेरास हे मोठं वीजकेंद्र बंद पडलं आणि अख्खा देश अंधारात गेला. त्यानंतर नोव्हेंबर, डिसेंबर, मग 2025 च्या मार्चमध्ये आणि सप्टेंबरातही तेच झालं. सिगार हाताने वळतात हे खरं, पण पान ओलावण्यापासून तयार सिगार ठरावीक आर्द्रतेच्या खोलीत ठेवण्यापर्यंत वीज लागते. पेट्या, कागद, पट्ट्या छापायलाही लागते. सिगार तयार आणि पेटी नाही, असंही होतं.

आता भाव. क्युबाचे सगळे सिगार जगभर विकते ती हाबानोस एस. ए., अर्धी क्युबा सरकारची. उरलेला अर्धा वाटा इम्पीरियल ब्रँड्सकडे होता. त्यांनी 2020 मध्ये आपला सगळा प्रीमियम सिगारचा धंदा सुमारे सव्वा अब्ज युरोंना विकला, त्यात तो गेला. नवे मालक आशियातल्या गुंतवणूकदारांचे. 2022 च्या वसंतात कंपनीने कोहिबा आणि त्रिनिदाद हे दोन छाप जगभर एका पातळीवर आणायचं ठरवलं, आणि ती पातळी धरली हाँगकाँगची. इथे स्पेनमध्ये तंबाखूचे भाव सरकारी राजपत्रात छापून येतात आणि प्रत्येक दुकानात तोच भाव असतो. त्यामुळे बदल लपला नाही. कोहिबाचे काही आकार तिपटीवर गेले. लक्षात घ्या, हे इयानच्या काही महिने आधी झालंय. म्हणजे वादळामुळे भाव चढले हे दुकानदाराचं म्हणणं निदान या दोन छापांपुरतं चूक आहे. मोंतेक्रिस्तो, पार्तागास, रोमिओ इ हुलिएता यांचे भाव नंतर टप्प्याटप्प्याने चढले.

कंपनीची उलाढाल पाहा: 2022 मध्ये 54.5 कोटी डॉलर, 2023 मध्ये 72.1 कोटी, 2024 मध्ये 82.7 कोटी. ज्या दोन वर्षांत पान सगळ्यांत कमी होतं, त्याच वर्षांत विक्रम झाले. चीन सगळ्यांत मोठी बाजारपेठ झालाय आणि तिथे खपतात महागडे छाप, खास आवृत्त्या, जाड आकार. हातात मोजकी आवरणं असतील तर कंपनी ती कशावर खर्च करेल? मोंतेक्रिस्तो नंबर 4 हा बारीक, बेताच्या किमतीचा, रोजचा सिगार. कित्येक वर्षं क्युबाचा सर्वांत जास्त खपणारा सिगार हाच होता. त्याचा नंबर शेवटी लागतो. मला याचं वाईट वाटतं, कारण क्युबन सिगारची ओळख माझ्यासारख्या पगारदार माणसाला याच आकारांनी करून दिली. ठरवून केलेलं काही असेल तर ही निवड, पानांचा दुष्काळ नव्हे.

हवानाला नुसत्या सिगारसाठी जाऊ नका. सरकारी दुकानांतही भाव वर आलेत आणि फळ्या तिथेही मोकळ्या असतात. हव्या त्या छापाची पेटी मिळेलच असं नाही. रस्त्यावर ‘माझा भाऊ कारखान्यात आहे, त्याला महिन्याच्या सिगार मिळतात’ म्हणणारा माणूस हमखास भेटेल. 2019 ला मी त्याच्याकडून काचेच्या झाकणाची कोहिबाची पेटी घेतली. माद्रिदला येऊन एक सिगार उभा चिरला. आत लांब पानं नव्हतीच, चुरा होता आणि मधोमध काडीएवढा जाड देठ. काचेच्या झाकणाच्या पेटीत कोहिबा कधी विकलाच जात नाही, हे मला नंतर कळलं. पार्तागासच्या पेटीला काच दिसली तरी तेच समजा.

पेटी घ्याल तिथे उलटी करून बघा. तळाला ‘हाबानोस एस. ए.’, ‘एचो एन कुबा’ (क्युबात बनवलेलं) आणि ‘तोतालमेंते आ मानो’ (पूर्णपणे हाताने) हे लाकडात उठवलेलं असतं. शेजारी शाईचा शिक्का असतो, कारखान्याची सांकेतिक अक्षरं आणि पेटी भरल्याचा महिना-वर्ष. महिना स्पॅनिश असतो: ‘एने’ म्हणजे जानेवारी, ‘आगो’ म्हणजे ऑगस्ट, ‘दिक’ म्हणजे डिसेंबर. झाकणाच्या कडेवर हिरवट-पांढरं सरकारी सील असतं आणि त्यावरचा क्रमांक हाबानोसच्या संकेतस्थळावर तपासता येतो. क्रमांकाचीही नक्कल होते, म्हणून दुकान अधिकृत आहे ना, हे आधी बघा.

सासऱ्यांसाठी मी काय केलं असतं ते सांगतो. कोहिबाच्या नादी लागलो नसतो. माद्रिद, झुरिक किंवा फ्रँकफर्टच्या अधिकृत दुकानात फोन करून 2021-22 ची तारीख असलेली कुठल्याही बारीक आकाराची पेटी शिल्लक आहे का विचारलं असतं. ओयो दे मोंतेरेय किंवा एच. उपमानच्या बारीक आकारांकडे गिऱ्हाईक फारसं वळत नाही, म्हणून त्या कधीकधी मागे राहतात. भारतात येताना एका प्रवाशाला पंचवीस सिगार शुल्काविना आणता येतात, म्हणजे पंचवीसची एक पेटी बरोबर बसते. ताजी 2024-25 ची पेटी मिळाली तर घ्या, पण डिसेंबरात ती उघडू नका म्हणून सांगा. दमट डब्यात, 65 टक्क्यांच्या आसपास आर्द्रतेत, निदान वर्षभर राहू द्या. नवीन पेटीत सुरुवातीला जो अमोनियाचा दर्प येतो, तो तेवढ्यात जातो. एकसष्टीच्या दिवशी हातात द्यायला दोन-तीन सुटे, जुन्या तारखेचे त्याच दुकानातून घ्या.

आणि त्यांना चव महत्त्वाची असेल, छाप नव्हे, तर निकाराग्वाच्या एस्तेलीकडची किंवा डोमिनिकन प्रजासत्ताकातल्या सांतियागोची पेटी बघा. 1960 मध्ये कारखाने सरकारजमा झाल्यावर क्युबातून बाहेर पडलेल्या घराण्यांनीच तिथली बरीच शेती आणि कारखाने उभे केलेत. निम्म्या भावात, एकसारखी वळलेली आणि दुकानात आज हजर आहे. फक्त तिथे मोंतेक्रिस्तो किंवा कोहिबा ही नावं दिसली तर थबका. अमेरिकेत याच नावांनी डोमिनिकन सिगार विकले जातात. वाईट नाहीत, पण सासऱ्यांना क्युबन म्हणून देऊ नका.

तुम्हाला कुठल्या शहरातून निघायचंय ते इथे लिहा, तिथल्या अधिकृत दुकानांचं मला जे ठाऊक आहे ते सांगतो.