नाशिकमध्ये २०१६ ची पल्सर २२० शोरूमला एक्स्चेंजमध्ये द्यावी की बाहेर विकावी? शोरूमवाला म्हणतो इंजिनात आवाज आहे, म्हणून किंमत पाडतोय.

‘इंजिनात आवाज आहे’ हे वाचलं आणि राहवलं नाही. नेमक्या याच वाक्यावर माझ्या २२० चे साडेसहा हजार कापले होते. शोरूमचं नाव घेत नाही, घेऊन फायदाही नाही, कारण हे वाक्य तुम्हाला दुसरीकडेही ऐकवतील.

प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. घाई असेल तर एक्स्चेंज. महिनाभर फोन घ्यायची आणि अनोळखी पोरांना चक्कर मारू द्यायची तयारी असेल तर बाहेर. पण आवाज कसला आहे हे स्वतःला कळल्याशिवाय कुठेही जाऊ नका, दोन्हीकडे मार खाल.

माझ्या गाडीचं असं झालं. तपासणाऱ्याने साईड स्टँडवर चालू केली, दोनदा ॲक्सिलेटर पिळला, मुंबई नाक्यापर्यंत एक चक्कर मारली आणि येऊन म्हणाला, ‘हाफ इंजिनचं काम निघणार.’ बोअर-पिस्टनचा खर्च धरून पैसे वजा. आवाज होता, नाकारत नाही. पण तो इंजिनाचा नव्हताच.

आवाज कुठला, हे ओळखायला दहा मिनिटं पुरतात. सकाळी गाडी पूर्ण थंड असताना डबल स्टँडवर घ्या, न्यूट्रलमध्ये चालू करा. चाक स्थिर असताना जो आवाज येतो तो इंजिनाचा. आता क्लच दाबा. दाबल्यावर आवाज गेला किंवा बदलला, तर क्लचच्या बाजूचं काम आहे, पिस्टनचं नाही. रेस वाढवल्यावर त्याच तालात वाढणारी बारीक टिकटिक म्हणजे टॅपेट, वॉल्व्हला दाबून उघडणारा भाग. तिला घाबरायचं कारण नाही. किंचित सैल टॅपेट आवाज करतो, पण आवळलेला टॅपेट गप्प बसून वॉल्व्ह जाळतो. म्हणून ‘आवाज बंद करून द्या’ असं मेकॅनिकला कधी सांगू नका. टॅपेटची गॅप थंड इंजिनावर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) लावायला सांगा. टायमिंग चेनची (इंजिनाच्या आतली, चाकाची नव्हे) खरखर याहून जाड असते, आणि ताण देणारा टेन्शनर थकला की थंडीत जास्त ऐकू येते.

मग इंजिन बंद करा, गाडी स्टँडवरून काढा, न्यूट्रलमध्ये हाताने ढकला. आता येणारा आवाज बहुधा चेन, चाकाच्या मधली हब बेअरिंग किंवा ब्रेकचा असणार, कारण इंजिन फिरतच नाहीये. माझ्या गाडीत चालू इंजिनावर शांतता, आणि ढकलली की ठरावीक अंतराने ‘कट्ट’.

चेन तपासायची रीत बहुतेकांना अर्धीच माहीत असते. खालच्या बाजूला मधोमध बोटाने वरखाली करून ढील बघतात आणि सोडून देतात. चाक हाताने थोडं थोडं फिरवत चार-पाच ठिकाणी बघायला हवं (इंजिन बंद ठेवूनच, चालू इंजिनावर चेनजवळ बोट गेलं तर बोट जातं). माझ्या चेनची ढील एका जागी २० मिमी होती आणि अर्धा फेरा फिरवल्यावर ४५. याला टाईट स्पॉट म्हणतात. काही कड्या सुकून आखडलेल्या, बाकीच्या झिजून लांबलेल्या. अशी चेन ॲडजस्ट होत नाही. ढिल्या जागेवर आवळली तर टाईट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगला खेचते, टाईट जागेवर लावली तर ढिली जागा स्विंगआर्मवर (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावर) आपटते. ‘कट्ट’ तोच. दुसरी खूण: मागच्या स्प्रॉकेटच्या (चेन फिरवणाऱ्या दातेरी चक्राच्या) अगदी मागच्या टोकाला चेन धरून बाहेर ओढा. दात अर्धा दिसला तर चेन संपली. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर काढल्यावर दात कोयत्यासारखे एका बाजूला वाकलेले निघाले, तेव्हा शंकाच उरली नाही.

हे होतं कशाने? घोटी-इगतपुरीचा पावसाळा आणि त्यानंतर वॉशिंग सेंटरचा प्रेशर थेट चेनवर. २२० ची चेन ओ-रिंगवाली असते. आतलं ग्रीस कारखान्यातच भरलेलं असतं आणि त्या बारीक रबरी रिंगा ते आत धरून ठेवतात. प्रेशरचं पाणी रिंगांच्या आत घुसतं, पेट्रोलने पुसली तर रिंगा फुगतात. रॉकेल किंवा डिझेल, मऊ ब्रश, कोरडं फडकं, आणि चेन कोमट असताना आतल्या बाजूने ९० नंबरचं गिअर ऑइल. दर ५०० किलोमीटरला, पावसात भिजली तर त्याच रात्री. एवढंच.

बदलायची तर तिन्ही एकदम: दोन्ही स्प्रॉकेट आणि चेन. नुसती चेन टाकली तर जुने दात नव्या चेनला महिन्याभरात आपल्यासारखं करून टाकतात. लॉकवाली चेन असेल तर लॉकपत्तीची बंद बाजू चेन पळते त्या दिशेला हवी, उलटी बसली तर निसटते. ॲडजस्टर दोन्ही बाजूंना सारखे फिरवून स्विंगआर्मवरच्या खुणा जुळवा, एक्सलचा नट आवळून झाल्यावर ढील पुन्हा मोजा, कारण आवळताना ती बदलते. चाक उघडलंच आहे तर हबमधले धक्का झेलणारे रबरही बघा. चाक धरून स्प्रॉकेट पुढेमागे हललं तर तेही गेले.

या सगळ्याला मला दोन हजारांच्या आसपास लागले. दुसऱ्या शोरूमने त्याच गाडीला ‘इंजिन ओके’ लिहिलं. आमचे मेव्हणे आजही म्हणतात, विकायच्या गाडीवर रुपया घालू नये. दाजी, दोन हजार घालून साडेसहा वाचले, हिशेब तुम्हीच करा. मात्र पॉलिश, स्टिकर, टाकीचा टच-अप यावर खरंच रुपया घालू नका. ताजा रंग दिसला की गाडी पडलेली आहे असंच समोरचा धरतो.

इंजिनाचंच काम असेल तर ते धुरात दिसतं. ॲक्सिलेटर देताना सतत निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंगा-बोअरचं काम. उतारावर ॲक्सिलेटर सोडून पुन्हा दिल्यावर एकच निळा झोत म्हणजे बहुधा वॉल्व्ह सील, आणि ते बोअरपेक्षा कितीतरी स्वस्त काम आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी येणारा पांढरा धूर ही वाफ असते, नाशिकच्या थंडीत सगळ्याच गाड्यांना येते. त्यावरही पैसे कापणारे आहेत. २२० ला प्लग दोन असतात, तपासताना दोन्ही काढायला लावा, अवघड जागेचा प्लग वर्षानुवर्षं तसाच राहतो. टायरवरचा चार आकडी शिक्का आधीच वाचून जा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. समोरचा तो वाचणारच.

बाहेर विकायची तर गिऱ्हाईक कॉलेज रोड-गंगापूर रोडकडचं धरा. सातपूर-अंबडचा कामगार ॲव्हरेज विचारतो, २२० कडे तो बघणार नाही. आणि गाडी २०१९ च्या ऑगस्टच्या पुरात गोदाघाटाकडे उभी होती का, हे विचारणारे अजून भेटतात. नसेल तर चिडू नका, ऑइलची काच दाखवा. ऑइल दुधाळ नसेल तर आत्ता त्यात पाणी नाही, एवढं तरी दिसतं.

आता कागद, इथे मात्र शोरूम की बाहेर याने फरक पडतो. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून गाडी सोडू नका. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर चलन तुम्हाला येतं, आणि अपघात झाला तर भरपाईची जबाबदारीही नोंदणीकृत मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. शोरूम जुन्या गाड्यांचा अधिकृत डीलर असेल तर १ एप्रिल २०२३ पासूनच्या नियमांप्रमाणे फॉर्म २९सी भरून गाडी त्याच्या ताब्यात गेल्याची नोंद होते. तो भरा म्हणा. ‘आमच्याकडे तसं नसतं’ असं उत्तर आलं तर एक्स्चेंजचा मुख्य फायदाच गेला. कर्ज होतं का? मग बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन पेठ रोडच्या आरटीओत बोजा आधी उतरवा. १ एप्रिल २०१९ आधीची गाडी म्हणून एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागलेली हवी. पूर्ण विमा असेल तर नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गाडीबरोबर देऊन टाकू नका. तो तुमचा असतो, पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के, नव्या गाडीच्या विम्यात वळवता येतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर हा मुद्दा सोडा.

एक राहिलं. वरचं सगळं कार्ब्युरेटरवाल्या २२० ला धरून लिहिलंय. बीएस६ इंजेक्शनच्या गाड्यांत मीटरवरचा इंजिनचा दिवा आधी बघतात. आणि चेनची ढील नेमकी किती, हे माझ्या आकड्यांवरून लावू नका, तुमच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

गाडी देताना तारीख, वेळ आणि मीटरचा आकडा टाकून ताबा-पावती घ्या, मीटरचा फोटो काढा. नाव बदललं का ते पंधरा दिवसांनी एमपरिवहन ॲपवर बघा. बदललं नसेल तर ती पावती घेऊन शोरूमला जा, फोनवर ‘होऊन जाईल’ एवढंच ऐकायला मिळतं.