केळफुलावरचे ते दोघे

प्रश्न : गोव्यात सावईवेऱ्याला आमचं कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. केळफुलावर सूर्यपक्षी येतात. एक जरा मोठा, दुसरा अगदीच चिमुकला. शेजारी म्हणतात, लहान ते पिल्लू. खरं का?
— एक भगिनी

उत्तर : ताई, ते पिल्लू नव्हे. दोन्ही वेगवेगळ्या जाती, पण एकाच कुळीतल्या. मोठा तो पंचरंगी सूर्यपक्षी, जेमतेम १० सेंटिमीटरचा. दुसरा छोटा सूर्यपक्षी, सुमारे ८ सेंटिमीटर. १८३२ साली निसर्ग-अभ्यासक साइक्सने त्याचं शास्त्रीय नाव ठेवलं तेच मुळी ‘मिनिमा’, म्हणजे सर्वांत लहान.

दोन्ही नरांचा गळा जांभळा, पोट पिवळं, म्हणून घोटाळा होतो. नर पाठमोरा होईपर्यंत थांबा. पंचरंगीची पाठ तपकिरीकडे झुकणारी तांबूस, खांद्यावर चमकता हिरवा ठिपका आणि कुशी पांढरट. छोट्याची पाठ किरमिजी, छातीवरही तसाच रुंद पट्टा. वीण सरली की छोट्याचा नर फिका पडतो; पंचरंगीचा बारा महिने तसाच.

माद्या ओळखायला मला बरीच वर्षं लागली. बोंडल्याच्या अभयारण्यात एका सकाळी बांडगुळाच्या फुलांवर एक मळकट हिरवी मादी चोच घालत होती. पंचरंगीच असणार म्हणून मी दुर्बीण खाली घेत होते, तेवढ्यात ती वळली, पंख जरा ढळले आणि शेपटीच्या वर कुंकवाचं बोट ओढावं तसा लाल रंग दिसला. छोट्याच्या मादीची हीच खूण. पंचरंगीच्या मादीला ती नसते. तिचा गळा राखाडी-पांढरा असतो.

छोटा फक्त सह्याद्रीच्या पट्ट्यात सापडतो, जगात दुसरीकडे कुठेही नाही. पंचरंगी पार श्रीलंकेपर्यंत, शहरातल्या जास्वंदीवरसुद्धा. तुमचं कुळागर रानाला लागून असणार, म्हणून दोघे एकाच केळफुलावर येतात. हे भाग्य जपा.

एक मात्र कळकळीने सांगते. यांचं घरटं म्हणजे कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेली लोंबती पिशवी. वर सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा चिकटवलेली, त्यामुळे कचराच वाटतो. आमच्या परसात आईने जळमट समजून केरसुणी फिरवली आणि आत दोन अंडी होती. ती हळहळ आईच्या मनातून कधी गेली नाही. तेव्हा फांदीला असा कचरा लोंबताना दिसला तर आधी बाजूला भोक आहे का, त्यावर छोटीशी पडवी आहे का, ते बघा. असेल तर त्या फांदीला पिल्लं उडेपर्यंत हात लावू नका.