वॉरंटी संपल्यानंतरची सेडान

अनेक आशीर्वाद.

नामांकित ब्रँडची सर्वांत लहान सेडान तुझ्या हप्त्यात बसते आहे, हे वाचून आनंद झाला. स्वकष्टाच्या पैशातून हौस पुरवायला कुणाची परवानगी लागत नाही. माझं म्हणणं एवढंच, की शोरूममध्ये गाडीचं पहिलं वर्ष दिसतं. तू निर्णय घेताना वॉरंटी संपल्यानंतरचं वर्ष डोळ्यांपुढे ठेव.

आधी बॉनेटखाली काय आहे ते समजून घे. बीएमडब्ल्यूची थ्री सीरिज १९७५ पासून बाजारात आहे आणि तिची मूळ रचना मागच्या चाकांना ताकद देण्याची आहे. तिचं नाव झालं ते त्या चालवण्याच्या सुखामुळे. त्याच कंपनीची लहान सेडान, टू सीरिज ग्रान कूपे, मात्र मुळात पुढच्या चाकांवर चालते. ऑडी ए३ चा एमक्यूबी प्लॅटफॉर्म, म्हणजे गाडीचा मूळ सांगाडा, फोक्सवॅगन गोल्फ आणि स्कोडा ऑक्टाव्हियालाही आहे. मर्सिडीजची २०१३ ची सीएलए आणि २०१८ ची ए-क्लास सेडान यांचीही मूळ रचना पुढच्या चाकांचीच. यात फसवणूक नाही. इंजिन आडवं बसवलं की कमी लांबीच्या गाडीतही माणसांना जागा मिळते. पण थ्री सीरिजबद्दल ऐकलेलं कौतुक टू सीरिजला लागू होईलच असं नाही. एकाच मॉडेलच्या स्वस्त आणि महाग व्हेरिएंटमध्ये मागचं सस्पेन्शनही कधीकधी वेगळं असतं. म्हणून टेस्ट ड्राइव्हला खराब रस्ता माग, आणि थोडा वेळ मागच्या सीटवर बस.

या गाड्यांचे गुण खरे आहेत. भरवेगात स्थिर राहणारी बॉडी, खात्रीचे ब्रेक, चार तासांनंतरही पाठ न दुखवणाऱ्या सीट, केबिनमधली शांतता. तुझा प्रवास लांबचा आणि हायवेवरचा असेल तर हे सगळं रोज उपयोगी पडेल. रोज सिग्नलवर थांबत ऑफिस गाठायचं असेल, तर साध्या ब्रँडच्या सेडानचं टॉप व्हेरिएंट तुला त्याच पैशात जास्त सोयी देईल.

आता खर्च. गाडी लहान असली म्हणून तिचे पार्ट स्वस्त होत नाहीत. काही गाड्यांना रन-फ्लॅट टायर असतात. हवा गेल्यावरही साधारण ८० किलोमीटर, ताशी ८० च्या आत, जाता येतं. ही सोय मोठी आहे, पण त्यांची बाजू कडक असल्यामुळे खड्डे जास्त जाणवतात, टायर महाग पडतात आणि अशा गाड्यांत बहुधा स्टेपनी नसते. बॅटरीचंही तसंच. बीएमडब्ल्यूमध्ये नवी बॅटरी बसवल्यावर तिची नोंद गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये करावी लागते. एलईडी हेडलॅम्प बिघडला तर बऱ्याचदा पूर्ण युनिटच बदलावं लागतं.

तेव्हा सेल्सवाल्याला बाजूला ठेवून सर्व्हिस ॲडव्हायझरकडे जा. पुढचे ब्रेक डिस्क आणि पॅड, चार टायर, बॅटरी, एक हेडलॅम्प आणि वाढीव वॉरंटी, यांचे दर लेखी घे. कर्जाची मुदतही तपास. वॉरंटी संपल्यावरही तीन-चार वर्षं हप्ते चालणार असतील, तर हप्ता आणि दुरुस्ती एकाच पगारातून निघायला हवी. ते जमत नसेल तर ही गाडी आज घेऊ नकोस, असं मी स्पष्ट सांगेन.

माझा स्वतःचा कल तीन वर्षं वापरलेल्या, एक पायरी वरच्या सेडानकडे आहे. किमतीतली सर्वांत मोठी घसरण पहिल्या मालकाने सोसलेली असते. पण दुरुस्तीचं बिल नव्या गाडीच्या किमतीच्या हिशेबानेच येतं, म्हणून कंपनीची वॉरंटी आणि संपूर्ण सर्व्हिस रेकॉर्ड असल्याशिवाय हात लावू नकोस. टायरच्या बाजूवर ‘DOT’ ने सुरू होणाऱ्या कोडचे शेवटचे चार आकडे बघ: ३५२२ म्हणजे २०२२ चा पस्तिसावा आठवडा. किलोमीटर अगदी कमी दाखवतात आणि चारही टायर गाडीपेक्षा बरेच नवे आहेत, असं दिसलं तर कारण विचार. ओळखीच्या मेकॅनिककडून गाडीच्या कॉम्प्युटरचं स्कॅन करून घे, विकणाऱ्याच्या नव्हे.

नवी लहान, जुनी मोठी आणि साधी टॉप व्हेरिएंट, तिन्ही एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर चालवून बघ. दरांचे कागद मिळाले की मला पाठव. हप्त्याचा हिशेब आपण सोबत बसून करू.